कविता तोंडपाठ, पण वाचता येत नाही: तिसरी-चौथीच्या वर्गात गोष्ट आणि नाट्य वाचनाला कसं जोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत तुम्ही अतिथी शिक्षिका आहात. तिसरी-चौथी एकत्र बसते, बावीस मुलं. कविता हावभावांसह म्हणतात, काल सांगितलेली गोष्ट आज रंगवून सांगतात, पण न पाहिलेल्या चार ओळी समोर ठेवल्या की गप्प होतात. मुख्याध्यापक म्हणतात गाणी-गोष्टी थांबवा आणि वाचन घ्या. जानेवारीत स्नेहसंमेलन आहे. काही मुलांच्या घरी कन्नड, काहींच्या घरी कोंकणी. तर गोष्टी सोडायच्या की ठेवायच्या?

ताई, गोष्टी ठेवायच्या. मुख्याध्यापकांची काळजीही खरी आहे, ती उडवून लावू नका. तुमच्या मुलांनी कविता कानाने घेतली आणि तोंडाने दिली. मधे कागद आलाच नाही. शंभर कविता अशा पाठ झाल्या तरी वाचन येणार नाही, कारण त्यांना कागदाची गरजच पडलेली नाही. म्हणून प्रश्न सादरीकरण करावं की नाही हा नसून, कागद पाहिल्याशिवाय पार पडणारच नाही असं सादरीकरण कसं रचावं, हा आहे. माझं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी एक तपासणी करा. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं पुरतात. त्याला पाठ असलेल्या कवितेच्या चार ओळी मोठ्या अक्षरात लिहा आणि बोट ठेवत म्हणायला सांगा. काही मुलं एकेका अक्षराला बोट उचलतात. 'कौलावरून' या एका शब्दाला पाच वेळा बोट पुढे जातं, ओळ कागदावर संपते आणि तोंडात अजून शिल्लक असते. या मुलांना शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच अजून उमगलेलं नाही. काहींचं बोट बरोबर चालतं, पण ओळीतला मधलाच शब्द झाकून-उघडून विचारला की ती मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत तिथवर येतात. तिसरा गट सुटा शब्द वाचतो, पण त्याच शब्दांचं नवं वाक्य केलं की अडखळतो. वहीत तीन रकाने आखा आणि नावं टाका. कुणाला काय द्यायचं ते यावरूनच ठरेल. यत्तेवर जाऊ नका. चौथीतली मुलं पहिल्या रकान्यात निघतात आणि तिसरीतली तिसऱ्या रकान्यात.

आता कविता. तुमच्याकडच्या मुलांसाठी मी अशी ओळीला ओळ लागणारी कविता घेते:

कणकुंबीचा पाऊस आला,
कौलावरून ओघळ झाला,
ओघळ मिळाला ओढ्याला,
ओढा मिळाला मलप्रभेला,
मलप्रभा मिळाली कृष्णेला,
कृष्णा मिळाली सागराला.

मलप्रभा कणकुंबीजवळ उगम पावते आणि पुढे कृष्णेला मिळते, हे तुमच्या मुलांना भूगोलातही लागणार आहे. पण ही रचना निवडण्याचं कारण वेगळं आहे. नेहमीच्या बालकवितेत यमक इतकं ठळक असतं की पहिली ओळ ऐकली की दुसरीचा शेवट आपोआप तोंडात येतो. पाठांतराला ते बरं, वाचनाला घातक. इथे प्रत्येक ओळ 'ला'वरच संपते, त्यामुळे शेवटाकडे बघून काही कळत नाही. कोण कुणाला मिळालं हे मधल्या शब्दांवर डोळा ठेवूनच समजतं. शिवाय 'ओढ्याला', 'मलप्रभेला', 'मलप्रभा' आणि 'कृष्णे'-'कृष्णा' एवढेच शब्द जोडाक्षरांचे आहेत, बाकी सगळं सरळ.

पहिल्या दिवशी कविता कृतीसह म्हणा. बोटांनी पाऊस, हातांनी नदी, जशी तुमची मुलं करतात तशीच. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या कागदावर लिहून काठीने शब्द दाखवत सगळ्यांनी मिळून म्हणा. काठी शब्दाखाली थांबली की तोंडही थांबलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी ओळी कापून पट्ट्या करा आणि सहा मुलांच्या हातात एकेक द्या. त्यांनी आपापली पट्टी वाचून योग्य क्रमाने उभं राहायचं. पावसापासून सागरापर्यंत रांग लागली की बाकीच्यांनी वाचून खात्री करायची. चौथ्या दिवशी मुलं यायच्या आधी एक शब्द बदला. 'ओढा मिळाला म्हशीला'. काही न सांगता म्हणायला लावा. पाठांतरावर चालणारं मूल 'मलप्रभेला' म्हणून पुढे जाईल, आणि जे खरंच वाचतंय ते हसेल. तेव्हा कोण हसलं त्याची नोंद करा. एवढी अचूक परीक्षा मला दुसरी माहीत नाही. पाचव्या दिवशी शब्द बदलायचं काम मुलांना द्या. एकाने बदललेली ओळ दुसऱ्याने वाचायची.

पट्ट्या आणि तक्ते करताना थोडी शिस्त पाळा. मागच्या रांगेला दिसण्यासाठी अक्षर चार सेंटीमीटर उंच लागतं, म्हणजे पट्टी आठ ते दहा सेंटीमीटर रुंद. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू चालतात. काळा किंवा गडद निळा मार्कर घ्या, पिवळा-केशरी लांबून पुसट दिसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका शब्दावर एकच अखंड शिरोरेषा आणि दोन शब्दांत दोन बोटांची मोकळी जागा. भिंतीवरच्या पुष्कळ तक्त्यांत शब्द चिकटून लिहिलेले असतात, मग पहिल्या रकान्यातल्या मुलाने शब्दाची हद्द ओळखायची तरी कशी?

आता गोष्टीकडे वळू. गोष्ट सांगणं आणि गोष्ट वाचून दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. सांगताना तुमचे डोळे मुलांवर असतात, शब्द रोज थोडे बदलतात, मुलांची भाषा वाढते. वाचून दाखवताना शब्द पानावरून येतात आणि दर वेळी तेच येतात. दुसरं कधीच घेतलं नाही तर मुलांच्या लेखी गोष्ट बाईंच्या तोंडात राहते, पुस्तकात नाही. आठवड्यात दोनदा सांगा, तीनदा वाचून दाखवा. सात-आठ मिनिटं पुरे. वाचलेलं पुस्तक कपाटात परत ठेवू नका, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवा.

सांगितलेल्या गोष्टीतून कागदाकडे जायची वाट म्हणजे नाट्यवाचन. मुलं संवाद पाठ करत नाहीत, कागद हातात धरून वाचतात. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही. बेळगावच्या पश्चिम भागात रताळी होतात, ती उकरून खायला रानातली जनावरं येतात, हे मुलांनी पाहिलेलं असतं. त्यावरचा हा छोटा नमुना:

निवेदक : सकाळ झाली. आजी रानात गेली. तीन वरंबे उकरलेले होते.
आजी : माझी रताळी कुणी खाल्ली रे?
ससा : मी नाही, मी नाही. मी गवत खातो की.
आजी : मग कुणी खाल्ली रे?
मोर : मी नाही, मी नाही. मी दाणे टिपतो की.
निवेदक : मातीत एक काटा पडला होता. लांब, काळा-पांढरा.
आजी : आता कळलं! ये रे बाहेर!

शेवटचा संवाद कुणाकडेच द्यायचा नाही. तो घडी घालून चिठ्ठीत ठेवायचा आणि ऐन वेळी ज्याच्या हातात पडेल त्याने उघडून वाचायचा: 'साळिंदर : मीच खाल्ली, आजी. लई गोड होती.' दुसऱ्या दिवशी निवेदकाची ओळ बदला: 'मातीत मोठे खूर उमटले होते.' चिठ्ठीत आता रानडुक्कर. काय निघणार हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून वाचणारा मन लावून वाचतो आणि ऐकणारे कान देऊन ऐकतात.

या नमुन्यात काय पाळलंय ते बघा, म्हणजे तुम्हाला स्वतःचे लिहिता येतील. वाक्य दोन ते सहा शब्दांचं. 'मी नाही, मी नाही' सारखी ओळ परत परत येते, त्यामुळे कच्च्या वाचकालाही धरायला काहीतरी मिळतं, पण तिच्या पुढचं वाक्य दर वेळी नवं. आणि पहिल्या दिवशी जोडाक्षर एकच, 'ल्ल'; दुसऱ्या दिवशी 'रानडुक्कर'मधलं 'क्क' तेवढं वाढतं. एका संवादात एकच नवी अडचण घालायची. रफार शिकवायचा आठवडा असेल तर त्या आठवड्याच्या संवादात रफाराचे तीन-चार शब्द घाला आणि बाकी अवघड अक्षरं टाळा. नव्या कागदावर मुलाला दहा शब्दांमागे एकापेक्षा जास्त शब्द अडत असेल तर तो कागद त्याच्यासाठी जड आहे, लहान करून द्या.

सहा-सहा मुलांचे गट करा. प्रत्येक मुलाला निदान तीन-चार वेळा बोलायला मिळायला हवं. नमुना लहान आहे, त्यात आणखी दोन प्राणी घातले की सहा वाचक होतात, आणि भूमिका फिरवून तो तीनदा वाचला की प्रत्येकाच्या वाट्याला पुरेसं येतं. इथेच हमखास एक चूक होते. हुशार मुलगी निवेदक होते, तिच्याकडे निम्मे संवाद जातात, आणि ज्याला वाचनाची सर्वात जास्त गरज आहे तो झाड होऊन उभा राहतो. भूमिका वाचनाच्या पातळीवरून ठरवा, आवाजावरून नको. पहिल्या रकान्यातल्या मुलाला परत परत येणारी ओळ द्या, तिसऱ्यातल्याला निवेदक करा, आणि आठवड्याने बदला.

दुसरी चूक घाईची. मूल अडलं की आपण लगेच शब्द सांगतो, किंवा शेजारचा सांगतो. मनात पाचपर्यंत मोजा. त्याने नाहीच वाचलं तर शब्दातल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवा. तरीही नाही, तर शब्द सांगून पुढे जा आणि तो वहीत टिपून ठेवा, दुसऱ्या दिवशीच्या पट्टीत तो आला पाहिजे. वाचन चालू असताना उच्चार दुरुस्त करत बसू नका. त्याने गोष्टीचा धागा तुटतो आणि मूल तोंड मिटतं.

बोलीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ती मधे येणारच. मुलं 'पाऊस पडालाय' म्हणतात, पुस्तकात 'पाऊस पडत आहे' असतं. मुलाने सांगितलेलं वाक्य फळ्यावर लिहिताना पहिल्यांदा ते जसं सांगितलं तसंच लिहा. तोंडातले शब्द आणि फळ्यावरचे शब्द एकच आहेत हे कळल्याशिवाय वाचनाचा पहिला विश्वास बसत नाही. मग शेजारी पुस्तकातलं वाक्य लिहा आणि दोन्ही वाचून घ्या. नाट्यवाचनात याची सोपी वाटणी होते: पात्रं घरच्या बोलीत बोलतात, निवेदक पुस्तकी मराठीत. कुणाची बोली चुकीची ठरत नाही आणि प्रमाण भाषाही रोज कानावर, डोळ्यांखाली येते.

घरी कन्नड असलेल्या मुलांचं प्रकरण थोडं वेगळं आहे, आणि इथे तुमच्या वर्गात किती अशी मुलं आहेत, ती मराठी कितपत बोलतात यावर बरंच अवलंबून आहे. काही मुलं मराठी वाक्य खडखडीत वाचतात आणि अर्थ विचारला की गप्प बसतात. त्यांची अडचण वाचनाची नाही, मराठी ऐकण्या-बोलण्याची आहे. त्यांना कागद देण्याआधी तीच गोष्ट दोन-तीनदा कृतीतून, वस्तू दाखवून झाली पाहिजे. संवादात एक पात्र कन्नड बोलणारं ठेवा आणि त्याची ओळ कन्नड लिपीतच लिहा. मुलं शाळेत कन्नड शिकतातच, बाकीच्यांनाही ती ओळ वाचायचा सराव होतो, आणि त्या एका मुलाला वर्गात मानाची जागा मिळते.

दोन लिप्या एकाच वेळी शिकताना कुठे अडतं हे माहीत असलेलं बरं. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं पहिलं अक्षर पूर्ण असतं आणि दुसरं त्याच्या खाली लहान होऊन बसतं. देवनागरीत सहसा पहिलं अर्धं आणि दुसरं पूर्ण. 'अक्का' दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी लिहून दाखवलात की मुलांना फरक लगेच दिसतो. रफाराची गंमत अशी की तो दोन्हीकडे उशिरा येतो: उच्चार आधी, खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा कन्नडमध्ये त्याच्या उजवीकडे. म्हणूनच 'पर्वत'चं 'पवरत' होतं. मूल डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचतंय, त्याला रफार आधी बोलायचा असतो एवढंच सांगायचं राहून गेलेलं असतं. 'सूर्य', 'पर्वत', 'मार्ग' असे चार शब्द घेऊन रफारावर रंगीत ठिपका द्या आणि ठिपका दिसला की आधी 'र्' म्हणायचं, असा आठवडाभर खेळ घ्या.

आणि अक्षरओळख न झालेली मुलं? त्यांच्यासाठी गोष्ट पुरेशी नाही, हे स्पष्ट सांगते. पहिल्या रकान्यातल्या गटाला रोज पंधरा मिनिटं अक्षरांची हवीत. अ-आ-इ पासून सुरुवात करू नका, संपूर्ण बाराखडीही नको. क, म, ल, र, न, त, प, स ही आठ अक्षरं आणि काना एवढ्यावर काम, कान, पान, रान, नाक, साप, लाल, मामा असे कितीतरी शब्द होतात. ते पक्के झाल्यावर एकेक अक्षर वाढवा आणि मग वेलांटी. याच शब्दांच्या कृतीच्या चिठ्ठ्या करा: 'नाक धर', 'पान आण', 'दार लाव', 'हात वर कर'. चिठ्ठीत जे नवं अक्षर येईल ते आदल्या दिवशी शिकवलेलं असावं. मुलाने चिठ्ठी मनात वाचायची, कृती करून दाखवायची, बाकीच्यांनी चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते ओळखायचं. आवाज न काढता वाचून अर्थ लागला की नाही हे याहून सरळ कळत नाही.

तुमच्या भागात ऐकून आलेलं साहित्य भरपूर आहे, ते वापरा. आजीची ओवी, भजनातली एखादी ओळ, भारुडातला संवाद. मुलाने घरून एकच ओवी विचारून आणायची, तुम्ही ती त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहायची, दुसऱ्या दिवशी त्याने ती वर्गाला वाचून दाखवायची. ए-फोर आकाराचे चार कागद मधोमध दुमडून शिवले की सोळा पानांचं पुस्तक होतं. पानावर एक ओवी, खाली मुलाचं चित्र. दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात, त्यांनाही पाट्या लावा: बुरूज, विहीर, दरवाजा, तटबंदी. एका मुलाने वाटाड्या होऊन प्रत्येक पाटीमागची दोन वाक्यं पाहुण्यांना वाचून दाखवायची. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मराठी पुस्तकं किती आहेत ते एकदा पाहून या. कमी असतील तर मुलांनी केलेली ही पुस्तकं तिथे ठेवायची परवानगी मागा.

चाळीस मिनिटांच्या तासाची वाटणी मी अशी करते: दहा मिनिटं गोष्ट किंवा कृती, वीस मिनिटं पट्ट्या आणि नाट्यवाचन, दहा मिनिटं प्रत्येकाने आपापलं वाचणं. अक्षरांची पंधरा मिनिटं यातूनच काढायची. पहिला गट तुमच्याजवळ अक्षरं करतो तेव्हा बाकीचे गट आपापले संवाद वाचतात. मुख्याध्यापकांना हे कागदावर लिहून द्या. निम्म्याहून जास्त वेळ मुलांचे डोळे अक्षरांवर आहेत हे त्यांना दिसलं की गोष्टी बंद करण्याचा आग्रह बहुधा राहणार नाही. तीन रकान्यांची वही त्यांना महिन्याला एकदा दाखवा. कुठलं नाव कुठून कुठे सरकलं हे पाहणाऱ्याला वेगळं पटवावं लागत नाही.

स्नेहसंमेलनासाठी सहा ते आठ मिनिटांचं नाट्यवाचन ठेवा, पाठांतराचं नाटक नको. त्यात दोन महिने जातात आणि बहुतेक वेळ वेशभूषेत आणि रांगा लावण्यात. मुलांच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला संवाद असावा, अक्षर अठरा-वीस पॉईंटचं, आपल्या ओळींखाली पेन्सिलची रेघ. पुठ्ठा छातीच्या उंचीवर धरायची सवय आधीपासून लावा, नाहीतर तोंड झाकलं जातं आणि आवाज पुठ्ठ्यातच अडतो. माईक एक असेल तर तो निवेदकाला द्या आणि पात्रांना पुढे उभं करा. शेवटची बंद चिठ्ठी त्या दिवशी तुम्ही लिहू नका. समोर बसलेल्या एखाद्या आई-वडिलांना ऐन वेळी कागद-पेन द्या आणि मोठ्या अक्षरात एक वाक्य लिहायला सांगा. कोणत्या मुलाला ती द्यायची हे आदल्या दिवशी वही बघून ठरवा: जून महिन्यात पहिल्या रकान्यात असलेलं, पण डिसेंबरअखेर नवं वाक्य स्वतः वाचू लागलेलं मूल. तोपर्यंत तसं एकही नसेल तर तिसऱ्या रकान्यातलं द्या, कच्च्या मुलाला गावासमोर अडकवू नका.

तपासणी झाली की तीन रकान्यांत किती किती नावं आली, आणि त्यातली घरी कन्नड बोलणारी किती, हे मला कळवा. त्यावरून तुमच्या गटांसाठी संवाद किती लांबीचे लिहायचे ते सांगता येईल.